दुप्पट धरायची सवय

९ जानेवारी

आज सकाळी चिरंजीव न्हाणीघरात पोट धरून कोसळले. कडी आतून लावलेली. सूनबाईने खांद्याने ढकलून दार उघडलं तेव्हा महाशय बादलीला मिठी मारून बसलेले, आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा. ओकाऱ्या थांबता थांबेनात. शेजारच्या पोस्टमास्तरांच्या गाडीत घालून जवळच्या रुग्णालयात नेलं.

तिथल्या पोरसवदा डॉक्टरने पोट दाबलं, रक्त घेतलं, फोटो काढला आणि थोड्या वेळाने येऊन म्हणाला, "स्वादुपिंडाला सूज आलीय. जोरात आहे. हे पितात का?"

"नाही हो, कधीच नाही," सूनबाई म्हणाली.

मी तिच्या मागे उभा होतो. म्हणालो, "रोज."

सूनबाईने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पण नवऱ्यावर पांघरूण घालणं हे तिचं काम आणि खरं सांगणं हे माझं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून आयुष्य गेलं. दुकानदार नेहमी निम्मंच कबूल करतो, म्हणून आपण दुप्पट धरायचं, ही तिथली जुनी सवय. आठवड्यातून दोन-चारदा घेत असेल तर रोज म्हणावं. कमी सांगितलं आणि औषध कमी पडलं तर?

त्याला पिताना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, हे इथे लिहून ठेवतो. पण दुकानदाराने वजनकाट्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक तरी कुठे प्रत्यक्ष दिसतं? लोकांच्या समारंभांना साउंड लावायचा धंदा, घरी यायची वेळ अपरात्रीची, आणि हाताला स्पिरिटसारखा उग्र वास. मागच्या महिन्यात त्याच्या कामाच्या पिशवीत डोकावलो होतो. वायरी, पक्कड, कापसाचा पुडा आणि तळाशी बिनलेबलची अर्धी बाटली. आणखी पुरावा तो कसला हवा?

पोस्टमास्तरांनी काय झालं म्हणून विचारलं. "अपेंडिक्स," असं सांगून टाकलं. खरं सांगायला जीभ रेटेना.

१० जानेवारी

अतिदक्षता विभागात आहे. आत एका वेळी एकालाच सोडतात, त्यामुळे बाकीचे बाकावर.

रक्त घेणारी सिस्टर बाहेर येऊन कुरकुरत होती. "नमुना दुधासारखा आलाय. मशीन घेतच नाही. परत घ्यावा लागणार." डॉक्टर घाईत होते. "पिणाऱ्यांमध्ये दिसतं असं," म्हणाले आणि निघून गेले. बाकावर आणखी दोन कुटुंबं बसली होती. त्यांनी ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या पोराच्या रक्तानेच साक्ष दिली.

आमची ही मला म्हणाली, "अहो, त्याला एकदा तरी विचारलंत का?"

म्हटलं, "चोराला विचारून कोणी झडती घेतं का?"

त्यावर ही उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

१३ जानेवारी

आज मला आत सोडलं. नाकात नळी, दोन्ही हातांना सुया. डोळे उघडे होते. मी मनात जुळवून गेलो होतो ते सगळं बोललो. आजवर माझ्याकडे बोट दाखवायची कोणाची हिंमत झाली नाही, ते तू दाखवायला लावलंस; आता तरी सोड; निदान बायकोचा विचार कर. तो छताकडे बघत राहिला. "तुला ऐकू येतंय का?" म्हटलं, तर मान हलवली. मग सिस्टरने मला बाहेर काढलं.

आमचे वडीलही पोटाच्याच दुखण्याने गेले. जेवून उठले, पोट धरलं, आणि दोन दिवसांत कारभार आटोपला. पण तो सज्जन माणूस, जन्मात कधी विडीला शिवला नाही. त्यांच्या नातवाने हे दिवे लावावेत!

३० जानेवारी

घरी आणलं. पोरगं पार चिपाड झालंय. कागदावर लिहून दिलंय: हलका आहार, स्निग्ध पदार्थ कमी, दारू पूर्ण बंद. शेवटचं वाक्य मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

खाण्याचं मी हातात घेतलंय. सायीचं दूध, लोणी, अंडी. सूनबाई म्हणाली, "बाबा, हलकं द्यायला सांगितलंय." म्हटलं, हलकं खाऊन अंगात ताकद कुठून येणार? मी स्वतः या वयात रोज सायीचं दूध पितो, मला काय धाड भरलीय? कोपरांवर पिवळट पुळ्या येतात तेवढ्याच, त्या थंडीने.

दूध देताना वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतो. आज त्याने ते ओळखलं. पेला घेतला आणि तोंड भिंतीकडे करून प्यायला.

पिशवीतली ती बाटली मोरीत ओतून दिली. वासाने डोळ्यांत पाणी आलं. असलं कसलं पितो हा, कोण जाणे.

१३ फेब्रुवारी

दोन दिवस हुडहुडी भरून ताप. खाल्लेलं पोटात ठरत नाही. बरगड्यांखाली पोट वर आलंय, टम्म.

माझा संशय एकच. सकाळी सूनबाई म्हणाली, "मोठ्या रुग्णालयात नेऊ या." म्हटलं, थांब जरा. आधी कपाट पाहिलं, मग स्पीकरची खोकी, मग स्कूटरची डिकी, गच्चीवरची टाकीसुद्धा. दुपार त्यातच गेली. काही मिळालं नाही. खाली आलो तर सूनबाईने परस्पर गाडी बोलावली होती आणि ही त्याला धरून जिना उतरवत होती. मला कोणी हाक मारली नव्हती. मी चपला पायात सरकवत मागून धावलो.

१४ फेब्रुवारी

इथल्या पोटाच्या डॉक्टर एक बाई आहेत, आमच्या सूनबाईच्याच वयाच्या. पण बोलणं असं की कोणालाही कळावं.

स्वादुपिंडाचा काही भाग मेलाय. ते मेलेलं मांस आणि पाणी जठराच्या मागे एका पिशवीत साठलंय, आणि आता त्यात पू झालाय. तो काढला नाही तर विष अंगभर पसरेल. पूर्वी यासाठी पोट फाडायचे. आता तोंडातून दुर्बीण घालतात. तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, तिने पलीकडची पिशवी दिसते. जठराच्या भिंतीतून आरपार भोक पाडून तिथे धातूच्या जाळीची नळी बसवायची. तिला स्टेंट म्हणतात. दोन्ही टोकांना पसरट, मध्ये अरुंद, दोऱ्याच्या रिळासारखी. मग पू आपोआप जठरात पडतो.

"म्हणजे घाण पोटातून पोटातच?" मी विचारलं.

"हो काका. जठराला ती पचते, त्या पिशवीला नाही पचत."

रक्तस्राव होऊ शकतो, नळी घसरू शकते, हेही सांगितलं. मग कागद चाळत त्यांनी विचारलं, "रोज किती घेत होता?"

सूनबाई या वेळी गप्प राहिली. खाटेवरून चिरंजीव म्हणाले, "मी पीत नाही." आवाज इतका बारीक की बाईंना वाकावं लागलं.

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो.

"काका, मी त्यांना विचारतेय," बाई शांतपणे म्हणाल्या. माझे कान तापले. खात्यात मी कित्येकांना असाच गप्प केलाय, पण स्वतःवर वेळ आली की वेगळंच वाटतं.

१५ फेब्रुवारी

नळी बसवली. आम्ही बाहेर. ही माझ्याशी बोलत नाही, सूनबाई कामापुरतं बोलते.

बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भोक पाडल्याबरोबर पू नुसता उसळला. आणखी दोन दिवस थांबला असतात तर कठीण होतं." सूनबाईने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला गच्चीवरची टाकी आठवली, झाकण उघडून आत वाकून बघत होतो ते.

संध्याकाळी ताप उतरला.

१८ फेब्रुवारी

आज त्या नळीतून दुर्बीण आत घालून मेलेल्या मांसाचे तुकडे ओढून काढले. असं आणखी एक-दोनदा करावं लागेल म्हणतात.

नंतर बाई माझ्याशी बोलायला थांबल्या. उकडत होतं म्हणून मी बाह्या वर सारल्या होत्या. बोलता बोलता त्या माझ्या कोपराकडे बघत राहिल्या. मला ते जरा विचित्रच वाटलं.

"काका, हे कधीपासून आहे?"

"थंडीचं आहे. घरातलंच, आमच्या वडिलांनाही होतं."

"वडील कशाने गेले?"

सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या उपाशीपोटी येता? तुमचं रक्त हवंय."

ऊर भरून आला. इतके दिवस नुसता बाकावर बसून होतो, शेवटी पोराला उपयोगी पडायची वेळ आली. म्हटलं, "हवं तेवढं घ्या. या रक्तात सुपारीच्या खांडाचासुद्धा डाग नाही."

त्या हसल्या, पण मनापासून नाही. हिला जाऊन सांगितलं की बापाचंच रक्त शेवटी लागलं. ही म्हणाली, "त्याला रक्त चढवणार आहेत असं कोणी सांगितलं तुम्हाला?" हिचं नेहमीचंच.

१९ फेब्रुवारी

एक छोटी नळी भरून घेतली आणि बोट दाबून धरायला सांगितलं. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच," सिस्टर म्हणाली.

दुपारी बाईंनी त्यांच्या खोलीत बोलावलं. मी बसलो, सूनबाई दाराशी उभी राहिली. टेबलावर एका स्टँडमध्ये दोन काचनळ्या होत्या. तळाला लाल, आणि वरचा भाग जिथे पिवळसर पारदर्शक असायला हवा तिथे पांढरंफेक दूध.

"ही मुलाची," बाई म्हणाल्या, "आणि ही तुमची."

बराच वेळ मी दोन्हीतला फरक शोधत राहिलो. बघितलं तर माझीच जास्त दाट.

रक्तातली चरबी. प्रमाणाच्या कितीतरी पट. ती घराण्यात येते, बापाकडून मुलाकडे. एका मर्यादेपलीकडे गेली की स्वादुपिंडच पेटतं. कोपरावरच्या पुळ्या त्याच्याच. वडील बहुधा त्यानेच गेले असतील, पण आता नक्की सांगता येणार नाही. मी इतकी वर्षं कसा वाचलो, याचं बाईंनाच नवल.

"मग दारूने नाही?"

"दारू आहे कुठे, काका? तो नाही म्हणतो, बायको नाही म्हणते. दारूने बिघडलेलं काहीच मला सापडत नाही. पण पहिल्या दिवशीच्या कागदावर 'रोज' लिहिलंय. कारण मिळालं म्हटल्यावर पुढे कोणी शोधलं नाही. घरी गेल्यावर काय खात होता?"

"दूध," मी म्हणालो. साय म्हणालो नाही.

"आणि 'रोज' कोणी सांगितलं होतं?"

हे मला लिहायलाच हवं. मी म्हणालो, "कोण जाणे. गडबडीत कोणीतरी म्हणालं असेल."

दाराशी सूनबाई होती. पदराने चष्मा पुसला, परत लावला आणि बाहेर गेली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी

लाज वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२१ फेब्रुवारी

खात्यात असताना दुकानं तपासायला निघण्याआधी आमची स्वतःची वजनं मुख्य कचेरीत नेऊन तपासून आणावी लागत. आपलंच वजन हलकं असेल तर समोरच्याला चोर कसं ठरवणार? हे मी नव्या निरीक्षकांना शिकवायचो. मोठ्या ऐटीत शिकवायचो.

२४ फेब्रुवारी

सूनबाई घरून कपडे घेऊन आली. म्हणाली, "बाबा, यांच्या पिशवीतली बाटली पाहिलीत का? माइकचे प्लग पुसायचं स्पिरिट होतं. यांचे मित्र कामाचं सामान न्यायला आलेत."

कापसाचा पुडा मला तेव्हाच दिसला होता. दारू प्यायला कापूस कशाला लागतो, हा प्रश्न पोराटोरालाही पडला असता.

"नाही पाहिली," म्हणालो.

सूनबाईसमोर एक सोडून दोन थापा झाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी मापं जप्त केली आणि आता तोंड उघडलं की खोटंच निघतं. आज सांगणारच होतो. चिरंजीवांच्या खाटेपाशी गेलोही. ते माझ्याकडे बघत होते, वाट बघितल्यासारखे. मी उशी नीट केली आणि परत आलो.

२ मार्च

रक्ताची उलटी झाली. नळीच्या तोंडाशी एक रक्तवाहिनी घासून फुटली. खाट ढकलत नेताना चाक दारात अडकलं. तो पांढरा पडलेला आणि मला एकच कळत होतं, की हा आता गेला तर मी म्हटलेलं 'रोज' डोक्यावर घेऊन जाणार.

रक्त थांबवलं. ही माझ्या शेजारी येऊन बसली. म्हटलं, "मीच सांगितलं होतं गं, तो रोज पितो म्हणून."

"माहितीय," ही म्हणाली. "सूनबाईने पहिल्याच दिवशी सांगितलं. मला काय सांगता? त्याला सांगा."

१६ मार्च

पिशवी आक्रसलीय, नव्या फोटोत दिसतही नाही. आज नळी काढायची होती. काम झाल्यावर ती आत ठेवली तर पुन्हा घासून रक्त येतं, म्हणून बाईंनी तारीख आधीच ठरवून ठेवली होती.

आतल्या खोलीपर्यंत मला सोडलं. भूल देणारे डॉक्टर आज नवीन होते. कागद उलटत, खोलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "हं, रोजची दारू. शेवटची कधी घेतली?"

चिरंजीवांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. दूध पिताना वळवायचा तसंच. तेव्हा लक्षात आलं, हा प्रश्न त्याला प्रत्येक दारात, प्रत्येक नव्या माणसाने विचारला असणार, आणि प्रत्येकाने उत्तर ऐकून माझ्यासारखंच तोंड केलं असणार.

"तो पीत नाही," मी म्हणालो. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणालो. "तो पीत नाही. ते मी सांगितलं होतं. मी त्याला कधी पिताना पाहिलेलं नाही. अंदाजाने सांगितलं. खोटं आहे ते, खोडा."

सिस्टर, दोन वॉर्डबॉय, डॉक्टर, सगळे माझ्याकडे बघत होते. बाई आतून येऊन दारात थांबल्या होत्या. मी वजनं जप्त करायचो तेव्हा दुकानदार असे उभे राहायचे, हात कुठे ठेवावेत ते न कळून. भूलवाल्या डॉक्टरांनी काही न बोलता पेनाने रेघ मारली.

चिरंजीव छताकडे बघत म्हणाले, "मला माहितीय, बाबा. तुम्ही बोललात तेव्हा मी तिथेच होतो. पोट दुखत होतं, कान नाही."

म्हटलं, "मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"वाट बघत होतो. एकदा तरी मला विचाराल म्हणून."

तेवढ्यात खाट आत घेतली. दार लागलं.

नळी थोड्याच वेळात निघाली. बाईंनी एका वाटीत दाखवली. एवढीशी जाळी, खरंच रिळासारखी. मी बघितली, पण माझं लक्ष दाराकडे होतं. तो शुद्धीवर आल्यावर काय विचारायचं, ते मनात जुळवत होतो. शेवटी त्याने डोळे उघडले तेव्हा म्हटलं, "दुखतंय का?"

तो "थोडं," म्हणाला आणि परत झोपला. माफ केलं असं काही म्हणाला नाही. मी मागितलीही नव्हती. कोणत्या तोंडाने मागणार?

३० मार्च

आता आम्हा दोघांची ताटं सारखी. उकडलेलं, बिनतेलाचं, आणि वर सारखीच गोळी. सूनबाई आधी त्याला वाढते, मग मला, आणि दोघांनाही सारखंच दटावते. साय मांजराला जाते.

परवा चिरंजीवांचं पहिलं काम आहे, छोटंसंच, मित्र सोबत असतील. स्पिरिट मी विकत आणलं. पोस्टमास्तर जिन्यात भेटले, बाटलीकडे बघून म्हणाले, "काय हो, अपेंडिक्स बरं आहे ना?" त्यांनाही सगळं सांगितलं, जिन्यातच, पिशवी हातात धरून. त्यांनी ऐकून घेतलं. "असं होय," म्हणाले, आणि जिना उतरू लागले.

दुपारी त्याच्याकडून प्लग पुसायला मागून घेतले. "तुम्हाला जमणार नाही," म्हणाला. म्हटलं, दाखव. त्याने एक पुसून दाखवला: कापूस थेंबभर भिजवायचा, टोकापासून मागे, एकदाच. मी वायरींचं वेटोळं मांडीवर घेऊन बसलो. ढीगभर होते. दर कार्यक्रमाला तो इतके पुसतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

ही पाणी घेऊन आली, नाक मुरडून थांबली आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल असं ओरडली, "अगं बाई, दुपारीच पिऊन बसलात की काय!"

आत चिरंजीव हसले. पोटावर हात दाबून हसल्याचा आवाज होता, मध्येच कळ आली असावी. सूनबाईही हसली. मला हसू आलं नाही. संध्याकाळी साबणाने दोनदा हात धुतले, तरी नाकाशी नेले की तो वास येतोच. राहू दे.